आजोबांच्या नावावरचं शेत

सातबाऱ्यावरचा माणूस लवकर मरत नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर म्हाताऱ्याचं दिवसकार्य होऊन तीस-चाळीस वर्षं लोटतात, पोरांची पोरं नांगर धरायला लागतात, तरी उताऱ्यावर भोगवटादार म्हणून त्याचंच नाव असतं. शेतसाऱ्याची पावतीही त्याच्याच नावाने फाटते. जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव कमी करायचं असलं की तलाठी त्या नावाभोवती कंस काढायचा आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकायचा. आता उतारे संगणकावर आले, पण बोली तीच राहिली. ‘आजाच्या नावाला कंस झाला का?’ हा प्रश्न म्हणजे घरातल्या वारसांची नोंद झाली का, याची चौकशी. कंस झाला नसेल तर आजा कागदावर अजून शेत कसतो आहे.

शेतात मात्र कोणाचं काय, हे पाड्यावरचं लहान पोरसुद्धा बिनचूक सांगतं. ओहोळापासून करंजाच्या झाडापर्यंत थोरल्या काकाचं, त्याच्या वरचं मधल्याचं, आणि घरामागचा तुकडा आजीजवळ राहिलेल्या धाकट्याचा. ही वाटणी पाड्यावरच्या जाणत्या माणसांसमोर, बांधावर उभं राहून झालेली असते. तिला सही नाही, शिक्का नाही, आणि तरी ती वर्षानुवर्षं पाळली जाते.

पालघर जिल्ह्यातले हे दोन तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. वस्तीत दहातले नऊ जण आदिवासी : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतली ही अट १९७४ साली आणखी कडक झाली आणि आधी हातातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा वेगळा कायदाही त्याच वर्षी झाला. या भागासाठी ते कुंपण फार मोलाचं आहे. आणि बहुतेकांना जमीन मिळण्याचा रस्ता एकच, तो म्हणजे वारसा. म्हणून वारशाची चाल आणि वारशाचा कागद यांच्यात अंतर पडलं की त्याची झळ थेट चुलीपर्यंत पोचते.

जव्हारच्या राज्याची कथाच मुळी जमिनीच्या मापाची आहे. मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा याने एका वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. नायकाने होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात बसेल तेवढी जमीन घेतली. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये ही आख्यायिका नोंदलेली आहे. भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीची राणी डिडो हिच्याबद्दलही लोक हीच गोष्ट सांगत आले आहेत. राजाच्या बाजूने ऐकली तर ही हुशारीची कथा. नायकाच्या बाजूने ऐकली तर तोंडी शब्दावर दिलेली जमीन मोजणीत कशी निसटते त्याची कथा, आणि या डोंगरात आजही दुसरीच बाजू अधिक ओळखीची वाटते.

मुकण्यांचं संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. जमिनीच्या हिशेबाची पद्धत त्याच्याही आधीपासून बदलत आली होती. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पूर्वी उतारावरच्या जमिनीचा सारा एकरावर बसत नसे, औजारावर बसे. नांगराला इतका, कुदळीला इतका, कोयत्याला इतका. एखादा तुकडा दोन-तीन वर्षं कसायचा, मग तो पडीक टाकून पुढचा धरायचा, अशी शेती असल्यावर ठरावीक तुकडा बापाकडून लेकाकडे जाण्याचा प्रश्नच येत नव्हता. बापामागे लेकाकडे यायचा तो बैलांचा जोड, नांगर आणि त्या रानात कसण्याचा हक्क. पुढे मोजणी आली, सर्व्हे नंबर आले, जंगल राखीव झालं, आणि ‘जिथे हात चालेल तिथे शेत’ हा हिशेब नकाशातल्या रेषांत अडकला.

जमीन आजही एका जातीची नाही. ओहोळाच्या काठाने बांध घालून केलेली भातखाचरं वेगळी आणि वरचं माळ-वरकस वेगळं. वरकसावर पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरई, मग खुरासणी नाहीतर उडीद, आणि त्यानंतर जमिनीला विसावा. खाचरात पाणी ठरतं म्हणून त्याची किंमत निराळी. वाटणीत एका भावाला सगळं खाचर आणि दुसऱ्याला सगळा माळ दिला तर अन्याय होतो, म्हणून प्रत्येक जातीच्या जमिनीत प्रत्येकाला वाटा मिळतो. न्याय होतो, पण तुकडे वाढतात.

समजा, एका आजोबांची चार एकर जमीन आहे, म्हणजे १६० गुंठे, आणि त्यांतले ४० गुंठे खाचर. चार मुलगे झाले की प्रत्येकाला ४० गुंठे, त्यात खाचर १०. त्या प्रत्येकाला तीन मुलगे झाले की नातवाच्या वाट्याला तेरा गुंठे जेमतेम, आणि खाचर साडेतीन गुंठ्यांच्याही आत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राखालच्या तुकड्यांना मनाई केली. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे अशी ठरली. आपल्या उदाहरणातला नातू तिच्याही खाली राहतो. त्यामुळे त्याचा तुकडा शेतात वेगळा असला तरी उताऱ्यावर बारा जणांचं सामाईक क्षेत्रच दिसत राहतं.

घर कोणाचं, हा प्रश्न शेतापेक्षा सोपा असतो. अनेक घरांत थोरला मुलगा लग्नानंतर वेगळा निघतो, आईबापाच्या घराजवळच कारवीच्या कुडाचं नवं घर उभारतो. मागोमाग मधला निघतो. धाकटा आईबापाजवळ राहतो, म्हातारपणी त्यांना बघतो आणि जुनं घर त्याच्याकडे जातं. मुलगा नसेल तर घरजावई येतो, सासऱ्याचं शेत कसतो. या सगळ्या चालीमागे एकच सूत्र आहे : जो राहिला, ज्याने राबून म्हाताऱ्यांना सांभाळलं, त्याचं.

गंमत म्हणजे हे सूत्र इथलंच नाही. जुन्या इंग्लंडमध्ये सगळी मालमत्ता थोरल्या मुलाला मिळायची, असा आपला समज असतो. सरदार-जमीनदारांच्या घरांत ते खरं होतं. शेतकऱ्यांच्या घरांत मात्र दर गावाची चाल निराळी होती. केंट परगण्यात बापाची जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी वाटत. त्या रिवाजाला गॅव्हलकाइंड म्हणत. दुसऱ्या कित्येक गावांत घर आणि शेत धाकट्या मुलाला मिळे. त्याचं नाव बरो इंग्लिश. थोरले पोटापाण्याला लागलेले असत, शेवटपर्यंत चुलीपाशी असे तो धाकटाच, हे त्याचं एक कारण सांगतात. आईबाप थकले की शेत मुलाच्या हवाली करत, आणि त्या बदल्यात चुलीजवळची खोली, वर्षाला इतकं धान्य, अंगाला कापड, असा करार गावच्या जमीनदाराच्या कचेरीत नोंदवून घेत. पोराने शब्द मोडला तर म्हातारा कचेरीत दाद मागू शके.

तिथली नोंदीची पद्धत तर मराठी शेतकऱ्याला अगदी घरची वाटेल. जमीन नावावर होताना कचेरीच्या गुंडाळीवर नोंद पडे आणि कुळाच्या हाती त्या नोंदीची नक्कल येई. त्या नकलेच्या, म्हणजे कॉपीच्या जोरावर जमीन धरायची, म्हणून त्या हक्काचं नावच कॉपीहोल्ड पडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर उताऱ्यावरची जमीन. फरक इतकाच, की तिथे कंस फुकट होत नसे. कुळ मेलं की घरातलं सर्वांत चांगलं जनावर जमीनदाराला द्यावं लागे, आणि वारसाला नाव चढवायला वेगळी रक्कम मोजावी लागे. पण कचेरी गावातच भरे आणि जनावर बुडवायचं नसल्याने जमीनदाराचा कारभारी मृत्यूची बातमी स्वतःहून पुढे आणी. मेलेल्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळणं त्याला परवडणारं नव्हतं. हे सगळे रिवाज १९२२ आणि १९२५ च्या कायद्यांनी संपवले.

महाराष्ट्रात वारस नोंदीला जनावर द्यावं लागत नाही. घरातला माणूस गेल्यावर तीन महिन्यांत वर्दी द्यायची. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, वारसांची नावं सांगणारं प्रतिज्ञापत्र. तलाठी, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत नोंद घेतात, फेरफार धरतात, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात.

मग नोंदी का राहतात? एक तर वाटणी शेतात झालेलीच असते, तेव्हा कागदाची निकड जाणवत नाही. दुसरं कारण रोजगाराचं. दिवाळीनंतर घरंच्या घरं कुलपं लावून भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मृत्यू पाड्यावर झालेला असेल आणि त्याची ग्रामपंचायतीत नोंदच नसेल, तर तीस वर्षांनी दाखला आणायचा कुठून? आणि तिसरं कारण, जे कोणी मोठ्याने बोलत नाही : कागद काढला की भावाभावांत जुनी दुखणी उकरली जातील, ही भीती.

काही उताऱ्यांवर नाव जिवंत माणसाचंच असतं, पण त्यापुढे दोन-तीन अक्षरं असतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेल्यावर सगळ्या भावंडांच्या वतीने थोरल्याचं नाव लागलं, आणि धाकट्यांची नावं लागायची राहूनच गेली. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता. वारस लहान होते म्हणून आईचं किंवा काकाचं नाव पालक म्हणून चढलं, आणि पोरं मोठी होऊन त्यांची पोरं झाली तरी उताऱ्यावर ती अज्ञानच राहिली. राजघराण्यालाही असा प्रसंग चुकला नव्हता. १९२७ साली जव्हारची गादी यशवंतराव मुकण्यांकडे आली तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते आणि कारभार दुसऱ्यांनी पाहिला. ते सज्ञान झाले आणि कारभार त्यांच्या हाती आला. पाड्यावरच्या पोराचा ‘अ.पा.क.’ शेरा मात्र अर्ज केल्याखेरीज आपोआप पुसला जात नाही.

नाव नसल्याची किंमत पूर्वी फारशी कळत नव्हती. आता ती दर हंगामाला कळते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये खातेदाराला मिळतात. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर आधारभूत भावाने भात घालायचं तर सातबारा लागतो. पीक कर्ज, विमा, आणि २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, सगळीकडे पहिला प्रश्न नावाचा. कसणारा नातू समोर उभा असतो आणि कागद आजोबांना बोलावत असतो.

झाडांचं तर आणखी निराळं. जव्हार भागात बाएफ संस्थेच्या वाडी कार्यक्रमातून उतारांवर आंबा आणि काजूच्या बागा उभ्या राहिल्या. नागली चार महिन्यांत हाती येते, तेवढ्यासाठी तोंडी वाटणी पुरते. आंब्याला फळ धरायला वर्षं लागतात, आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहून कलमं जगवावी लागतात. जो तुकडा उद्या भावाकडे जाईल अशी धाकधूक आहे, तिथे कोणी इतके हंडे का वाहील?

इथवर भाऊ, काका, नातू यांचीच गोष्ट झाली, कारण कागदावर त्यांचीच दिसते. शेतात आवण लावणारी, निंदणी करणारी, नागली कापणारी बाई मात्र या हिशेबात फार उशिरा येते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा सुधारून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन केली. पण १९५६ च्या मूळ वारसा कायद्याच्या कलम २(२) मध्ये अनुसूचित जमातींना तो लागू नाही असं लिहिलेलं आहे; केंद्राने अधिसूचना काढली तरच लागू. म्हणजे पुण्याच्या शेतकऱ्याच्या लेकीला २००५ ने जे दिलं, ते मोखाड्याच्या वारली लेकीपर्यंत त्या वाटेने पोचलं नाही. तिचा हक्क जमातीच्या रूढीवर सोडलेला आहे.

आणि रूढी काय सांगते? लेक लग्न करून गेली की तिचा वाटा तिच्या नवऱ्याच्या घरी. विधवा जोवर सासरी राहते तोवर नवऱ्याच्या शेतावर तिचा हक्क; तिने पाट लावून दुसरं घर केलं की शेत मागे राहतं. जुन्या इंग्लंडमध्येही अनेक गावांत विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला वाटा ती पुन्हा लग्न करत नाही तोवरच मिळे. त्या वाट्याला फ्री-बेंच म्हणत. इतक्या दूरच्या दोन समाजांनी बाईला एकच अट घालावी, हे वाचून वाईट वाटतं.

तरी इथल्या चालीरीतींना एका रंगात रंगवणं बरोबर नाही. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, एक बाई. लग्नात मुलीच्या बापाला देज मिळतं, त्याला हुंडा द्यावा लागत नाही. विधवेने पुन्हा घर करणं कमीपणाचं मानत नाहीत. लग्नाच्या खर्चापायी कितीतरी जोडपी आधी नांदायला लागतात आणि विधी पुढे, हाती पैसा आला की करतात. कधी कधी पोरं चालायला लागल्यावर. समाज त्या जोडप्याला नवरा-बायकोच मानतो. अडचण उभी राहते ती नवरा अचानक गेल्यावर. पाड्यासाठी ती त्याची बायको, पण नोंदणीचा दाखला नाही, नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर. दिराच्या मनात आलं तर प्रतिज्ञापत्रातून तिचं नाव गळायला वेळ लागत नाही.

लग्नाच्या त्या खर्चाने एके काळी याहून मोठं ओझं लादलं होतं. ठाणे जिल्ह्यात सावकाराकडून लग्नापुरते पैसे उचलले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे वेठीला लागत. त्यांना लग्नगडी म्हणत. बापाकडून पोराला शेत नव्हे, कर्ज वारशाने मिळायचं. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने डहाणू-तलासरीकडचे वारली उठले, ते या वेठीविरुद्ध.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. मुलीला वाटा नाकारणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी. ती सिद्ध होत नसेल तर केवळ बाई म्हणून तिच्या वारसांचा वाटा रोखता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हिमाचलच्या एका प्रकरणात, हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लावता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर मोखाड्याच्या लेकीला दार किलकिलं झालं आहे, पण ते उघडायला तिने कोर्टाची पायरी चढायला हवी. भट्टीवर विटा वाहणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. संसदेने ठरवलं तर तिला तो फेरा घालावा लागणार नाही.

एका कागदावर मात्र तिचं नाव आधीपासूनच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य केले, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. त्या कायद्याच्या कलम ४(४) मध्ये काही गोष्टी आहेत. हा हक्क वारशाने जातो. तो विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. आणि लाभधारक विवाहित असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा. थेट वारस नसेल तर जवळच्या नातलगाकडे जातो. कितीतरी घरांत बाईचं नाव जमिनीच्या सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते या वनपट्ट्यामुळे. हे मोठं काम या कायद्याने केलं आहे आणि त्याचं मोल कमी लेखू नये.

त्या अधिकारपत्राच्या नमुन्यात चतुःसीमांसाठी एक रकाना आहे. ठळक खुणांनी हद्दीचं वर्णन करा, असं तो सांगतो. ओहोळ, खडक, मोहाचं झाड. मोजणीच्या साखळीआधी या डोंगरात जमीन जशी ओळखली जायची, तशीच ती पुन्हा सरकारी कागदावर उतरली. आता पट्टा मिळालेली पहिली पिढी थकत चालली आहे. वारशाचा प्रश्न या पट्ट्यांनाही येऊन भिडतो आहे, आणि इथे बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीने असल्याने, नवरा गेल्यावर ती कोणाची वारस म्हणून नव्हे, स्वतः धारक म्हणून उभी राहते. सातबाऱ्यावर हे घडायचं आहे.

राज्य सरकारने २०२५ साली मेलेल्या खातेदारांच्या नोंदी एकदाच्या मार्गी लावायचं ठरवलं. ‘जिवंत सातबारा’ असं त्या मोहिमेचं नाव. १ एप्रिलला सुरुवात. आधी चावडीवाचन करून गावात कोणाकोणाचं नाव मरणानंतरही उताऱ्यावर आहे त्याची यादी, मग वारसांकडून कागदपत्रं, आणि १० मेपर्यंत फेरफार. पाठोपाठ मे महिन्याअखेरीस शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे बांधावर झालेली वाटणी कागदावर आणायला आता खर्चाची आडकाठी तेवढी उरली नाही.

फक्त तारखांचा मेळ या डोंगराशी जमायला हवा होता. एप्रिलमध्ये चावडीवाचन होतं तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतात. त्यांनी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून राब भाजायला घेतलेला असतो, पावसाआधी आवणाची जागा तयार हवी म्हणून. ज्यांच्या सह्या लागायच्या ते थोरले, मधले, धाकटे आणि त्यांच्या बायका भिवंडीच्या बाजूला विटा थापत असतात. भट्टीचा हंगाम मेअखेरीपर्यंत चालतो. मृगाच्या तोंडावर माणसं डोक्यावर बोचकी घेऊन परततात, दुसऱ्या दिवशी खाचराचे फुटके बांध बांधायला उतरतात, आणि प्रत्येक भाऊ आपल्या बाजूने आपल्या बांधावर चिखल चढवतो.